लॉरेन्स लेसिग यांनी विषय का बदलला

नमस्कार श्रोतेहो. इंटरनेटच्या कायद्यात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, त्या लॉरेन्स लेसिग यांनी जून २००७ मध्ये जाहीर केलं की कॉपीराइटचं काम आता पुरे, पुढची दहा वर्षं राजकीय भ्रष्टाचाराला. स्टॅनफर्डच्या या नामवंत प्राध्यापकानं भरल्या ताटावरून का उठावं?

उत्तर लेसिग यांनी कॉपीराइटच्या मुदतवाढीविरुद्ध लढवलेल्या एल्ड्रेड खटल्यात सापडतं. १९९८ मध्ये अमेरिकी संसदेनं कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवली. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ऐवजी ७० वर्षं, कंपन्यांच्या कृतींना ७५ ऐवजी ९५. आणि ही वाढ जुन्या कृतींनाही! वारलेल्या लेखकाला त्यानं लिहायचा हुरूप येणार थोडाच. राज्यघटना 'मर्यादित काळ' म्हणते आणि संसद ती मर्यादा पुढे ढकलत राहते, असा लेसिग यांचा युक्तिवाद होता. मिल्टन फ्रीडमनसह १७ अर्थतज्ज्ञांनी त्यांच्या बाजूनं निवेदन दिलं. तरी जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ७ विरुद्ध २ असे हरले. मुदत किती असावी हे संसदेनं ठरवायचं, असं न्यायालय म्हणालं. घटनेच्या तर्कावर भर देताना प्रत्यक्ष नुकसान ठसवायचं राहिलं, हे लेसिग यांनीच पुढे लिहिलं.

म्हणजे प्रश्न पुन्हा संसदेच्या दारात. मुदतवाढ हवी असणारे मोजके आणि पैसेवाले, तोटा सोसणारे वाचक विखुरलेले. निवडणुकीचा पैसा पहिल्यांकडून येतो. लाच कुणी घेत नाही, सगळं कायदेशीर, पण लोकप्रतिनिधीची नजर देणगीदारावर. ही गाठ सुटल्याशिवाय कॉपीराइट सुधारणार कसा, असं तरुण कार्यकर्ते आरॉन स्वार्ट्झ यांनी लेसिग यांना विचारलं होतं. (मुदतवाढ आपल्याकडेही झाली. रवींद्रनाथांच्या साहित्याचे हक्क संपत आले तेव्हा, १९९२ मध्ये, ५० ची ६० वर्षं झाली.)

२००९ मध्ये लेसिग हार्वर्ड विद्यापीठात परतले. २०१४ मध्ये निवडणुकीतल्या पैशाविरुद्ध त्यांनी एक कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला, पण पाठिंबा दिलेले बहुतेक उमेदवार पडले. २०१५ ची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारीही काही आठवड्यांतच मागे घ्यावी लागली.

जुन्या विषयात त्यांना आडवाट सापडली होती. आज मराठी विकिपीडिया ज्या परवान्यावर चालतो, ते क्रिएटिव्ह कॉमन्स त्यांनी सहकाऱ्यांसोबत २००१ मध्ये संसदेला न विचारता उभं केलं. लेखकानं स्वतःहून, इतरांना आपली कृती वापरू देणारा परवाना लावला की झालं. देणग्यांच्या कायद्याला मात्र तशी आडवाट नाही. तो बदलायला मतं लागतात ती त्याच देणग्यांवर निवडून आलेल्यांची.