सभा संपेपर्यंत उठू नका

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावातून मला फोन आला. पलीकडे एक ताई होत्या, आवाज घाबरलेला. म्हणाल्या, "ताई, आमच्या गावात जंगलाच्या विषयावर सभा झाली म्हनते, अन् आमच्या सह्या बी हायेत म्हनते, पन आमाले तं कोनी काई सांगतलंच नाई." मी विचारलं मग सही केली कुठे, तर थोडा वेळ आठवून म्हणाल्या की गॅस सिलिंडर वाटले त्या दिवशी एक रजिस्टर फिरलं होतं, सगळ्या बायांनी केली म्हणून मी पण केली. गावाचं नाव मी सांगणार नाही कारण असं एकाच गावात होतं असं नाही, आणि आज पंधरा मिनिटं मिळाली आहेत तर मी फक्त ह्याच गोष्टीवर बोलणार आहे, जंगल आणि वन्यप्राण्यांच्या विषयावर सरकार जेव्हा लोकांना बोलावतं तेव्हा त्या सभेचे नियम काय असतात आणि आपण तिथे काय करायचं.

आपण नागपूरकर आपल्या शहराला टायगर कॅपिटल म्हणतो. एकीकडे पेंच, एकीकडे उमरेड-कऱ्हांडला, वर्ध्याच्या बाजूला बोर, पुढे ताडोबा, नवेगाव-नागझिरा, आणि राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय पण इथेच सिव्हिल लाइन्सला. सफारीचं बुकिंग कधी उघडतं हे आपल्याला तोंडपाठ असतं पण जंगलाच्या काठावरच्या गावात सभा कधी आहे हे शहरात कुणाला माहीत नसतं, आणि खरं सांगते, बरेचदा त्या गावातही माहीत नसतं. मी बरीच वर्षं ह्या सभांना जातेय, कधी गावकऱ्यांना कागद वाचून द्यायला, कधी नुसतीच मागे बसून ऐकायला, आणि मला पक्कं वाटतं की आपल्याकडे कायदा वाईट नाही, कायद्यात आपल्याला बोलायची जागा दिलेली आहे, ती जागा आपण रिकामी सोडून येतो.

पहिली गडबड नावाची. गावात सगळ्यालाच मीटिंग म्हणतात. वन समितीची बैठक म्हणजे मीटिंग, ग्रामसभा म्हणजे मीटिंग, खाणीची जनसुनावणी म्हणजे पण मीटिंगच. पण प्रत्येकाचा नियम वेगळा आहे हो. म्हणून बसल्याबसल्या पहिला प्रश्न हाच विचारायचा की साहेब ही सभा कोणत्या कायद्याखाली बोलावली, नोटीस कुठे आहे, जरा दाखवा. यात उद्धटपणा काही नाही, तो आपला हक्क आहे आणि चांगला अधिकारी असला तर तो नोटीस स्वतःहूनच वाचून दाखवतो, असे आरएफओ, म्हणजे वनक्षेत्रपाल, मी पाहिले आहेत.

आता ग्रामसभेचंच घ्या. आपली नेहमीची ग्रामसभा, जी ग्रामपंचायत अधिनियमाखाली होते, तिला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल तेवढी लागतात, यालाच कोरम म्हणतात, आणि कोरम नाही भरला तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागतच नाही. नाल्या, घरकुल, पाण्याची टाकी यासाठी ठीक आहे. पण जंगलावर जगणाऱ्यांचे तिथले हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे आणि त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, त्यात स्पष्ट लिहिलंय की ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर पाहिजेत, आणि जे हजर आहेत त्यात कमीत कमी एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि वनहक्काच्या दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी तिथे बसलेले पाहिजेत. म्हणजे गावात ६०० मोठी माणसं असतील तर साध्या ग्रामसभेला ९० जण आले की झालं, पण वनहक्काच्या सभेला ३०० पाहिजेत आणि त्यात १०० बाया. कुठे ९० आणि कुठे ३००! आणि तहकुबीची ती सूट वनहक्काच्या नियमांत दिलेली नाही. मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय की सरपंच, सचिव यांना हा फरकच माहीत नसतो, मनात काही वाईट नसतं, सवयीने पंधरा टक्क्यांवर ठराव लिहून मोकळे होतात आणि मग पुढे तोच ठराव गावाच्या अंगावर येतो किंवा गावाच्या कामी येत नाही, दोन्हीकडून नुकसान गावाचंच.

ही निम्म्याची अट कशाला घातली असेल याचा विचार करा. जंगलाचा निर्णय एकदा झाला की तो पोरांच्या पोरांपर्यंत जातो, तिथे मूठभर माणसांच्या सहीवर काम भागत नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती, सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या एप्रिलमध्ये सांगितलं की ग्रामसभांना विचारा, १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटलं. डोंगर आजही तिथेच आहे.

वन्यजीवांचा जो मूळ कायदा आहे, १९७२ चा, त्यातही लोकांना विचारायचं कलम आहे आणि हे फार कमी जणांना माहीत असतं. नवीन अभयारण्य करायचं ठरलं की कलेक्टरने त्या भागातल्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावात प्रादेशिक भाषेत जाहीरनामा काढायचा असतो, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आणि ज्याचा कुणाचा तिथे हक्क आहे, चराईचा असो, वाटेचा असो, त्याने दोन महिन्यांच्या आत लेखी दावा द्यायचा. आणि हक्काची चौकशी करताना कलेक्टरने नुसते सरकारी कागद पाहायचे नाहीत तर त्या गोष्टीची माहिती असलेल्या कोणत्याही माणसाचा पुरावाही घ्यायचा असं कायद्यातच आहे. म्हणजे सातबारा नसलेला म्हातारा गुराखी, जो चाळीस वर्षं त्याच पाऊलवाटेनं गुरं नेतोय, त्याचं सांगणं हा पुरावा आहे. टायगर रिझर्व्हचा बफर ठरवताना पण, २००६ च्या दुरुस्तीनंतर, संबंधित ग्रामसभेशी बोलून आणि तज्ज्ञ समिती बसवून हद्द ठरवायची असते. गाव हलवायचं असेल तर पुनर्वसन गावाच्या मर्जीनंच व्हावं लागतं, ग्रामसभेची संमती लागते, आणि ती संमती आधी पूर्ण माहिती देऊन घ्यायची, नंतर समजावून सांगायची नव्हे.

खाण, मोठा रस्ता, कारखाना असं काही येणार असेल तर मग जनसुनावणी. ही वनखात्याची नसते, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं, पण जंगलाला लागून असलेल्या प्रकल्पात वन्यप्राण्यांचा विषय सगळ्यात जास्त तिथेच निघतो म्हणून सांगते. हिचे नियम १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत. निदान ३० दिवस आधी नोटीस, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात, आणि जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी, रेडिओ, टीव्ही, काहीही करून लोकांना कळवायचं. कलेक्टर किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत आधीच कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी ठेवलेला असतो, तो आधी जाऊन वाचा, आवडो न आवडो वाचाच, कारण ज्या पानावर "प्रकल्प क्षेत्रात वन्यप्राणी आढळत नाहीत" असं लिहिलेलं असेल आणि तुमच्या मोबाइलमध्ये तिथल्याच वाघाच्या पगमार्कचा, पाऊलखुणेचा, फोटो असेल तर तो फोटो तारखेसकट तिथे द्यायचा असतो. व्हिडिओ शूटिंग होतं. आणि इथे कोरम नाही बरं का, पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात, म्हणून बहिष्कार टाकून बाहेर घोषणा देत बसलेल्या लोकांबद्दल मला फार वाईट वाटतं, त्यांचा राग खरा असतो पण आत रेकॉर्डवर त्यांचं एक वाक्यही जात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी आज इथे आलेय. सभेत काय बोललं गेलं याला नंतर काही किंमत राहत नाही, काय लिहिलं गेलं याला राहते. इतिवृत्त म्हणतात त्याला.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका गावात बसले होते. एक बाबा उठले, सत्तरीच्या पुढचे, धोतर, हातात काठी. त्यांनी फार नेमकं सांगितलं. म्हणाले की नाल्याच्या वळणावर जो डोह आहे तिथेच आमची गुरं चैत-वैशाखात पाण्यावर जातात कारण गावातली बोडी, म्हणजे छोटा तलाव, आटते, आणि तिथेच वाघीण बछडे घेऊन येते, तुम्ही बोडीचा गाळ काढून द्या, आम्ही गुरं डोहाकडे नेणार नाही, आमची गुरं बी वाचतील अन् ते बी सुखानं राहील. मला अंगावर काटा आला, कारण तीन-चार वाक्यांत त्या माणसानं संघर्ष का होतो आणि तो कसा थांबेल दोन्ही सांगून टाकलं. शेवटी मी विनंती केली की काय लिहिलं ते वाचून दाखवा. वाचलं तर त्यात होतं, "पाणीटंचाईबाबत चर्चा झाली." बस्स.

मग आम्ही उठलो नाही. सचिव तसे भले माणूस होते, त्यांनी पेन काढला आणि बाबांनी पुन्हा सांगितलं, डोहाचं नाव, महिना, बोडीचा गाळ, सगळं, आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं गेलं, खाली सह्या झाल्या. यात जास्तीची वीस मिनिटं गेली. पुढे जेव्हा त्या बोडीच्या कामासाठी अर्ज केला तेव्हा जोडायला हातात कागद होता.

जनसुनावणीत तर हे नियमातच आहे, शेवटी सगळ्यांच्या म्हणण्याचा सारांश स्थानिक भाषेत लोकांसमोर वाचून दाखवायचा आणि मगच त्यावर अध्यक्षाची सही. पण लोक तोपर्यंत थांबत नाहीत. जेवणाची पाकिटं वाटली की मांडव अर्धा रिकामा होतो, शेवटची बस असते, घरी गुरं दारात उभी असतात, मला कळतं सगळं, तरी सगळ्यांनी नाही तर निदान चार जणांनी थांबायचं असं आधीच ठरवून या, आणि त्या चारात दोन बाया असू द्या.

बायांचं मुद्दाम म्हणते. जंगलात रोज जाणार कोण, सरपणाला, मोहफुलाला, तेंदूपत्त्याला, तर बाया. वाघ कुठल्या वाटेनं फिरतो हे त्यांना आधी कळतं. आणि सभा ठेवतात कधी तर एप्रिलमध्ये सकाळी, जेव्हा अख्खं गाव मोहाखाली असतं, नाहीतर धानाच्या रोवणीच्या दिवसात. वेळ बदलून मागता येते, सरपंचाकडे लेखी द्या, तोंडी नको. शिवाय नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती कागदावर होऊ देऊ नका, तिथे बसून बोला म्हणजे मोठ्या सभेत आवाज कापत नाही.

काही बैठका अशा आहेत की तिथे आपल्याला खुर्चीच नसते. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, कायद्याप्रमाणे वर्षातून निदान दोनदा ते भरलं पाहिजे, तिथे तुम्ही-मी जाऊन बसू शकत नाही. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीचं कार्यवृत्त मात्र केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर टाकतात, पोरांना सांगा उघडून द्यायला. आणि प्रत्येक अभयारण्यासाठी एक सल्लागार समिती असायला पाहिजे, त्यात त्या भागाच्या आमदारांसोबत पंचायत राज संस्थांचे ३ प्रतिनिधी असतात. तुमच्या बाजूच्या अभयारण्याच्या समितीत ते तिघं कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली? एकदा विचारून बघा.

शहरातल्या श्रोत्यांनाही काम आहे. अभयारण्याभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे काही कामांवर बंधनं असलेला पट्टा, करायचा असतो तेव्हा केंद्र सरकार आधी मसुदा राजपत्रात छापतं आणि ६० दिवस हरकती-सूचना घेतं, कोणीही लिहू शकतं, धरमपेठेत बसून लिहिता येतं. राजपत्र असतं हिंदी आणि इंग्रजीत, गावातल्या माणसाला त्यातले सर्व्हे नंबर, नकाशे समजत नाहीत, त्या साठ दिवसांत तुम्ही एका गावात जाऊन तो मसुदा मराठीत वाचून दाखवलात तर मला वाटतं दहा सफारींपेक्षा जंगलाला त्याचा जास्त उपयोग आहे.

त्या फोनवाल्या ताईंचं सांगते आणि थांबते. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केलाय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त यांच्या प्रती मागितल्या आहेत, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. पोच घेतली का विचारलं तर लगेच फोटो पाठवला, शिक्का आणि तारीख दोन्ही आहे त्यावर. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी त्यांनी आणि आणखी अकरा जणींनी मिळून एक विषय लेखी दिलाय, मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवणे. मी त्या दिवशी तिथे जातेय.

नमस्कार.