गांडुळाच्या पोटातला वायू

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की वाडीतल्या माडाच्या आळ्यात सकाळी मातीच्या बारीक शेवयांचे छोटे ढीग दिसतात. बोटांत धरून पाहिले तर ते ओलसर, गुळगुळीत आणि भोवतालच्या तांबड्या जांभ्या मातीपेक्षा काळपट असतात. ही गांडुळाची विष्ठा. ती दिसली की जमीन जिवंत आहे असे म्हणून आपण समाधानाने पुढे जातो, आणि त्या समाधानात काही चूक नाही. परंतु 2013 साली नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाच्या इंग्रिड लुबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून दाखवले, की गांडुळे असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड सरासरी 42 टक्क्यांनी आणि कार्बन डायऑक्साइड 33 टक्क्यांनी अधिक बाहेर पडतो. यातला पहिला वायू अधिक काळजीचा, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 273 पट तापदायक ठरतो.

हा वायू गांडूळ स्वतः तयार करत नाही. मातीत असे जिवाणू असतात, की ज्यांना हवेतला प्राणवायू मिळेनासा झाला तर ते नायट्रेट या नत्र (नायट्रोजन) आणि प्राणवायूच्या संयुगातला प्राणवायू ओढून घेऊन आपला श्वास चालवतात. भुसभुशीत मातीत त्यांना तशी वेळ क्वचितच येते. मातीच्या घासाबरोबर ते गांडुळाच्या आतड्यात गेले की तिथे हवा नसते, ओल भरपूर असते आणि आतड्यातला चिकट स्राव म्हणजे तर त्यांना आयते जेवणच. तिथे ते जोमाने कामाला लागतात. नायट्रेटचा शेवट निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये व्हायला हवा, पण ते काम अर्ध्यावर असतानाच नायट्रस ऑक्साइड निसटतो आणि गांडुळाच्या अंगातून बाहेर पडतो. ताज्या विष्ठेतही हेच काही काळ चालू राहते.

मात्र 42 टक्क्यांचा आकडा ऐकून कोणी वाडीतल्या गांडुळांवर उठू नये. त्यातले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या भांड्यांत, थोड्या दिवसांचे आणि पीक नसलेल्या मातीत झालेले होते, आणि मोकळे झालेले नत्र उचलायला मुळेच नसतील तर ते जिवाणूंच्याच वाट्याला जाणार. कार्बन डायऑक्साइडची वाढही दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांत ओसरलेली आढळली. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले, की गांडूळ जेवढा कार्बन हवेत जाण्यास मदत करते त्याहून अधिक कार्बन ते मातीच्या घट्ट कणांत बंदिस्त करते. गांडूळखताच्या टाकीतली शेणावर जगणारी लालसर गांडुळे निराळी, त्यांचा हिशेब येथे मांडू नये.

मला या साऱ्यात महत्त्वाचे वाटते ते नायट्रेट, कारण ते आले कुठून हा प्रश्न आपल्या खताच्या गोणीपाशी येऊन थांबतो. युरियातल्या नत्राचे मातीत आधी अमोनियम होते आणि मग हवेच्या मदतीने नायट्रेट. युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीत 20.7 किलो नत्र असते. दमट हवामानासाठी आंतरराष्ट्रीय हिशेबात रासायनिक खतातल्या नत्राचा 1.6 टक्के भाग नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने जातो असे धरतात. म्हणजे एका गोणीमागे साधारण अर्धा किलो वायू, आणि त्याचा ताप जवळजवळ 140 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. पाण्याखालच्या भातखाचरासाठी हे प्रमाण चौथाईवर येते, पण तिथे मिथेनचा वेगळा हिशेब उभा राहतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गांडुळांमुळे पिकाचे उत्पादन सरासरी 25 टक्क्यांनी वाढलेले दिसले, पण जिथे नत्रखत भरपूर घातले होते तिथे ही वाढ जवळजवळ दिसली नाही. पालापाचोळ्यात अडकलेले नत्र मोकळे करून देणे हे गांडुळाचे मुख्य काम. ते काम आपण गोणीकडे सोपवले, तर गांडुळाची मजुरी फुकट जाते आणि वायूला कच्चा माल मात्र मिळत राहतो.

सुपारीच्या वाडीत उन्हाळाभर शिपणे चालू असल्याने ओल कधी तुटत नाही. अशा ठिकाणी मूठभर युरिया एकदम आळ्यात टाकणे म्हणजे या जिवाणूंना आमंत्रणच. खत थोडे-थोडे करून, मुळे उचलतील तेवढेच द्यावे आणि आळ्यात झावळ्यांचे, गिरीपुष्पाच्या पाल्याचे आच्छादन ठेवावे. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत युरिया आणि डीएपी या खतांची गोळी चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या, मधोमध 7 ते 10 सेंटीमीटर खोल पुरतात, ती अगदी योग्य जागी जाते. त्या खोलीवर चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून गोळीतले नत्र बराच काळ अमोनियमच राहते, त्याचे नायट्रेट होत नाही, आणि जिवाणूंना ओढायला प्राणवायूच उरत नाही.