उत्तर येत नाही, की नकार येतो?

(संगणक आणि यंत्रं यांच्यातल्या सीरियल जोडणीवरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण मेंटेनन्समधले आहात, म्हणून सिद्धांत थोडक्यात उरकतो आणि लवकर पॅनेलपाशी येतो.

एनर्जी मीटर, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र), टेंपरेचर कंट्रोलर ही मंडळी कारखान्यात आधीपासूनच बसलेली असतात. त्यांच्या मागच्या बाजूला ए, बी आणि ग्राउंड अशी तीन टर्मिनलं वर्षानुवर्षं रिकामी पडलेली असतात. एक दिवस साहेब म्हणतात, सगळे आकडे पीसीवर दिसले पाहिजेत. मग धावपळ सुरू होते. वायर ओढली जाते, सॉफ्टवेअर टाकलं जातं, पंधरा मीटर एकदम जोडले जातात, आणि पडद्यावर काहीच येत नाही. आता बिघाड शोधायचा कुठे? पंधरा ठिकाणी? माझा आग्रह एवढाच आहे की आधी एक मीटर टेबलावर घ्या, हातभर वायरने पीसीला जोडा आणि त्याच्याकडून एक आकडा मिळवा. तो मिळाल्याशिवाय शॉपफ्लोअरवर जाऊ नका.

सीरियल जोडणी म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी. तिचं आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. एका यंत्राला एकच यंत्र जोडायचं आणि अंतर साधारण पंधरा मीटर. आरएस-४८५, म्हणजे आपल्या ए-बी टर्मिनलांचं मानक, आलं १९८३ मध्ये. त्यात एकाच जोडीवर ३२ उपकरणं बसतात आणि कमी वेगाला वायर १२०० मीटरपर्यंत नेता येते. एवढा फरक पडतो, कारण इथे घेणारा दोन वायरींमधल्या व्होल्टेजचा फरक मोजतो. शेजारच्या मोटरचा नॉइज, म्हणजे विद्युत गोंगाट, दोन्ही वायरींवर जवळजवळ सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणून वायर पिळाचीच हवी. ०.२ व्होल्टचा फरकसुद्धा घेणाऱ्याला पुरतो.

पण एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. दोन्ही वायरी आपल्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढ्यातच असाव्या लागतात. दोन शेडचं अर्थिंग वेगळं असेल तर वायरींचं हे व्होल्टेज सहज त्या मर्यादेबाहेर जातं. मग कधी आकडे येतात, कधी येत नाहीत, आणि एखाद्या दिवशी चिप जाते. त्यासाठी तिसरी, ग्राउंडची वायर ओढा आणि पीसीला आयसोलेटेड कन्व्हर्टर लावा, म्हणजे लाइन आणि पीसी यांच्यात थेट विद्युत जोड न ठेवणारा. त्यात पैसे वाचवू नका, माझी कळकळीची विनंती आहे. शील्ड, म्हणजे केबलवरचं धातूचं आवरण, मात्र एकाच टोकाला अर्थ करायची.

वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी न्यायची. मध्यभागी एक जंक्शन बॉक्स ठेवून तिथून सगळीकडे फाटे फोडायचे नाहीत. लांब लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. तपासणी सोपी आहे : सगळा सप्लाय बंद करा आणि ए-बीमध्ये मल्टिमीटर धरा. साधारण ६० ओहम आले तर दोन्ही रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक राहिलाय किंवा मध्ये कुठेतरी वायर तुटली आहे. ४० आले तर कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय.

आता टेबलावरचा मीटर. यूएसबी कन्व्हर्टर लावला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर दिसतो. कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये घातला तर तो नंबर बदलू शकतो, तेव्हा सॉकेटवर चिठ्ठी चिकटवा. मीटरच्या मेनूतून चार गोष्टी वाचा : पत्ता (मीटरचा क्रमांक), बॉड रेट (बिट पाठवायचा वेग), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्टॉप बिट (बाइट संपल्याची खूण). या चारही पीसीवर तंतोतंत तशाच हव्यात. पत्ता १ ते २४७ मधला असतो. दोन मीटरना एकच पत्ता राहिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही.

बहुतेक मीटर मॉडबस या प्रश्नोत्तराच्या पद्धतीने बोलतात. मॉडिकॉन कंपनीने ती पद्धत १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकांसाठी, काढली. तिचा प्रश्न आठ बाइटचा असतो, तो एकदा डोळ्यांनी पाहाच (आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले) : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पहिला आकडा मीटरचा पत्ता. ०३ म्हणजे रजिस्टर (मीटरमधला आकडा ठेवायचा दोन बाइटचा कप्पा) वाच. पुढचे दोन बाइट कुठून, त्यापुढचे दोन किती. शेवटचे दोन तपासणीचे, वाटेत काही बिघडलं तर ओळखू यावं म्हणून.

यावर काहीच आलं नाही तर दोष वायरिंगमध्ये, पत्त्यात किंवा बॉड-पॅरिटीत आहे. आधी ए-बी उलटी करून पाहा. त्याने काही जळत नाही, आणि कंपन्या ही अक्षरं एकसारखी लावत नाहीत. पण ०१ ८३ ०२ असं काही आलं (०३ चं ८३ होणं हीच नकाराची खूण) तर आनंद माना! मीटर तुमचं ऐकतोय, उत्तरही देतोय. फक्त तुम्ही मागितलेलं रजिस्टर त्याच्याकडे नाही. इथे वायरिंगला हात लावायचा नाही, मॅन्युअल उघडायचं. अशा वेळी केबल बदलण्यात दिवस घालवलेले मी पाहिलेत, म्हणून हे पुन्हा सांगतो : गप्प राहणं वेगळं आणि नकार देणं वेगळं. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलं असेल तर वायरवर त्या रजिस्टरचा पत्ता शून्य जातो, कारण पुढचा ४ फक्त रजिस्टरचा प्रकार सांगतो आणि वायरवर मोजणी एकाऐवजी शून्यापासून होते. एकाचा हा फरक अनेकांना अडवतो.

समजा उत्तर आलं, पण मीटरवर २३० व्होल्ट असताना पीसीवर शून्य दिसतंय. दशांशातला आकडा दोन रजिस्टरमध्ये मावतो. २३० म्हणजे ४३ ६६ ०० ००. सॉफ्टवेअरने दोन्ही रजिस्टरं उलट्या क्रमाने घेतली की ०० ०० ४३ ६६ होतं, आणि ती किंमत जवळजवळ शून्यच असते. मीटर बरोबर, वायर बरोबर. सेटिंगमध्ये वर्डचा, म्हणजे या रजिस्टरांचा, क्रम बदला, झालं.

आता तो मीटर शॉपफ्लोअरवर न्या आणि बाकीचे एकेक करून जोडा, प्रत्येक जोडणीनंतर आकडा पाहून. वेगाचा हिशेबही करून ठेवा. ९६०० बॉडला एक बाइट साधारण एक मिलिसेकंद घेतो. प्रश्न आठ, उत्तर नऊ, मध्ये मीटरचा विचार करण्याचा वेळ. एका मीटरला शंभर मिलिसेकंद धरले तर वीस मीटरची फेरी दोन सेकंदांत होते. पण त्यातला एक मीटर बंद पडला, टाइमआउट (उत्तराची वाट पाहायचा वेळ) एक सेकंदाचा आहे आणि सॉफ्टवेअर तीनदा विचारतंय, तर तीच फेरी जवळजवळ पाच सेकंदांवर जाते आणि चांगले चाललेले एकोणीस मीटरही रेंगाळतात. म्हणून मॅन्युअलमध्ये मीटरचा उत्तर द्यायचा वेळ पाहून टाइमआउट त्यापेक्षा थोडाच जास्त ठेवा, आणि बंद मीटरला मिनिटातून एकदाच विचारायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती चालू करा.