वाळूची पेटी
(लघुमाहितीपट – निवेदन)

(दृश्य : लाकडी पेटी, आतून निळी. वाळूत फिरणारे लहान हात.)

हे हात आठ वर्षांच्या एका मुलाचे आहेत. त्याचं नाव आम्ही सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी परवानगी दिली ती हातांपुरती.

ही वाळूची पेटी शाळेतल्या समुपदेशनाच्या खोलीत आहे. जे बोलून सांगता येत नाही, ते मुलं इथे वाळूत मांडतात. पेटी साधारण ७२ सेंटिमीटर लांब, ५७ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम ७ सेंटिमीटर खोल. तळ निळा, कारण वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसायला हवं. मग त्याची नदी करा, तळं करा, समुद्र करा. मापसुद्धा विचार करून ठरवलेलं आहे : समोर उभ्या राहिलेल्या मुलाला मान न वळवता सगळी पेटी एका नजरेत दिसते.

(दृश्य : भिंतीवरचे कप्पे. कॅमेरा सावकाश सरकतो.)

प्राणी. माणसं. घरं, कुंपणं, पूल, गाड्या. राक्षस आणि सैनिक. मोडकी खेळणीही इथे जपून ठेवली आहेत. हा पाय तुटलेला घोडा टाकून दिलेला नाही, कारण कधीतरी एखाद्या मुलाला नेमका तोच लागतो.

ही पद्धत जुनी आहे. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर पहिल्या महायुद्धानंतर पूर्व युरोपात मदतकार्य करत होत्या. युद्धाने होरपळलेली मुलं त्यांनी तिथे जवळून पाहिली. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये मुलांसाठी दवाखाना सुरू केला आणि खेळण्यांसोबत वाळूचे ट्रेही ठेवले. मुलांनी खेळणी उचलून वाळूत मांडायला सुरुवात केली आणि त्या मांडणीला स्वतःच नाव दिलं : ‘जग’. पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ त्यांच्याकडे शिकल्या आणि त्यांनी या कामाला स्वतःचं वळण दिलं.

(दृश्य : हात वाघ उचलतात. मागे ठेवतात. पुन्हा उचलतात.)

समुपदेशक ताई शेजारी बसल्या आहेत. ‘हे काय आहे?’ असं त्या विचारत नाहीत. ‘असं का केलंस?’ हे तर नाहीच. त्या फक्त जे दिसतंय ते बोलतात. ‘वाघाला कुंपणात ठेवलंस.’ थोड्या वेळाने, ‘कुंपणाला अजून एक फळी लागली.’ मुलगा मान हलवतो. आणखी एक फळी लावतो. मग आणखी एक.

या वाघाचा अर्थ आम्हीही लावणार नाही. वाघ म्हणजे बाबा, कुंपण म्हणजे भीती, अशी कोष्टकं काही जण करतात. ताईंना ती मान्य नाहीत, आम्हालाही नाहीत. वाघ कोण हे त्या मुलाला ठाऊक आहे. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

(दृश्य : शाळेचा रिकामा व्हरांडा.)

इथवर तो कसा पोहोचला? पोटदुखीमुळे.

सकाळी पोटात दुखायचं. सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. घरचे आधी म्हणाले, ढोंग करतोय. मग म्हणाले, लाडावलाय. मोठा झाला की होईल नीट, हेही झालं. पण पोट खरंच दुखत होतं. मनावर ताण आला की लहान मुलांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, झोप मोडते, अंथरूण ओलं होतं. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य प्रत्येक मुलाला जमत नाही.

(दृश्य : वहीचं पान. आईचं अक्षर.)

आईने एक गोष्ट फार चांगली केली. लिहून ठेवलं. कधी दुखलं, किती वेळ, आदल्या रात्री काय झालं, झोप किती झाली. ही वही घेऊन ती आधी मुलांच्या डॉक्टरांकडे गेली, आणि क्रम तोच बरोबर आहे. शरीराचं काही दुखणं नाही ना, कानाने नीट ऐकू येतं ना, डोळ्यांना दिसतं ना, हे पहिल्यांदा पाहायचं. फळा न दिसणाऱ्या मुलाला ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी बसतात, असं होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, वही वाचली आणि शाळेतल्या समुपदेशकांना भेटायला सांगितलं.

(दृश्य : टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी.)

एक कागद घरून भरून आलेला, एक वर्गशिक्षिकांनी भरलेला. दोन्हींवर मुलाच्या भावना आणि वागणुकीबद्दलची एकच प्रश्नावली आहे. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात २५ विधानं आहेत. प्रत्येकापुढे तीन पर्याय : खरं नाही, थोडंफार खरं, अगदी खरं. विधानांचे गट पाच : भीती आणि उदासी, वागणुकीतल्या तक्रारी, चंचलपणा, सवंगड्यांशी पटणं. पाचवा गट मुलाच्या चांगुलपणाचा : दुसऱ्याला लागलं तर हा धावतो का? आपलं वाटून घेतो का?

दोन्ही कागद जुळत नाहीत. घरचा म्हणतो, सारखा चिडतो. शाळेचा म्हणतो, अगदी शांत, काही त्रास नाही. खोटं कुणीच लिहिलेलं नाही. दिवसभर वर्गात दाबून ठेवलेलं घरी येऊन बाहेर पडतं, आणि शांत मूल शिक्षकांच्या नजरेतून सुटतं. या कागदांवरून निदान होत नाही, पण कुठे बघायचं ते कळतं.

(दृश्य : आई आणि ताई समोरासमोर. आवाज बंद.)

पहिल्या भेटीत प्रश्न आईने विचारायचे असतात. तुम्ही मुलांसोबत काम करायचं शिक्षण घेतलंय का? तो जे बोलेल त्यातलं मला काय सांगाल? आम्ही घरी काय करायचं? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. ताईंचं उत्तर सरळ होतं : त्याचं बोलणं त्याच्यापाशी राहील. त्याच्या किंवा आणखी कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मात्र लपवणार नाही, आणि हे त्यालाही आधीच सांगेन.

समुपदेशक औषधं देत नाहीत. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि उपचार करतात, औषधांची गरज आहे का ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. बहुतेक मुलांना तिथवर जावं लागत नाही. पण मूल मरणाबद्दल बोलू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर वही आणि प्रश्नावली बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

(दृश्य : पुन्हा पेटी. पूल ठेवला जातो.)

‘अजून पाच मिनिटं आहेत,’ ताई सांगतात. दर वेळी सांगतात. खेळ अचानक तोडायचा नाही, हा इथला नियम. आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पेटी आवरायची नाही. तो दाराबाहेर गेल्यावर ताई मांडणीचा फोटो काढतात, मगच एकेक वस्तू कप्प्यात जाते.

(दृश्य : शाळेच्या फाटकातून आत जाणारी मुलं, पाठमोरी.)

तो आता शाळेत येतो. पोट अधूनमधून दुखतं. आईवडील महिन्यातून एकदा ताईंना भेटतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांमागे एकाला मानसिक आजार असतो. आणि या खोलीतल्या ताई? शिक्षक रजेवर असले की त्यांना वर्गावर पाठवतात. परीक्षा आल्या की पर्यवेक्षण. ठरलेली भेट रद्द होते आणि मूल दारापर्यंत येऊन परत जातं. आमचं मागणं एवढंच आहे की समुपदेशकाला समुपदेशनच करू द्या. तो तास वेळापत्रकात घाला, आणि गणिताचा तास जसा कुणी उचलत नाही तसा हाही कुणी उचलू नये.

जिथे समुपदेशकच नाही, तिथेही वर्गशिक्षकांना आजपासून सुरुवात करता येते. अशा मुलासाठी शाळेत एक मोठं माणूस ठरवा. शिक्षक, ग्रंथपाल, शिपाई, ज्याच्यावर त्याचा जीव आहे असं कुणीही. रोज सकाळी आल्या आल्या त्याने पाच मिनिटं त्या माणसाजवळ थांबायचं. अभ्यासाची चौकशी नाही, समजावणं नाही. बोललं तर ऐकायचं, नाही बोललं तर सोबत बसायचं. तो माणूस रजेवर जाणार असेल, तर मुलाला आदल्या दिवशी सांगायचं.