सरकारच्या आधी कोण थांबवते?

‘पुस्तके आणि आजचे राजकारण’ हा विषय संयोजकांनी सुचवला तेव्हा मी तो लगेच स्वीकारला, कारण त्या निमित्ताने माझी एक जुनी तक्रार मांडता येईल, असा माझा हिशेब होता. लेखनाच्या गळचेपीविषयी बोलताना आपण थेट मंत्रालयाकडे बोट दाखवतो. तेथवर पोहोचण्याआधीच पुस्तकाला कोणत्या पेठेत अडवले गेले, हे विचारत नाही. (पुढच्या रांगेतल्या मंडळींनी पेठेचे नाव सुचवू नये, मला याच शहरात राहायचे आहे.)

महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पाहा. १८८३ साली पुण्यात बसून त्यांनी सरकारी खात्यांतल्या भटकामगारांवर, म्हणजे ब्राह्मण नोकरवर्गावर, आणि ऐषारामी गोऱ्या अधिकाऱ्यांवर इतके उघड लिहिले, की इंग्रजांनीच ते दडपले असेल असे आपल्याला वाटावे. प्रत्यक्षात सत्यशोधकांच्या बाजूच्या ‘दीनबंधू’ साप्ताहिकाने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची थांबवली. म्हणजे हात आखडला तो मित्राने, आणि फुल्यांनी आपल्यातल्या छापखानेवाल्यांच्या भेकडपणाबद्दलचा राग लपवलाही नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की छपाईची वाट न पाहता त्यांनी हे लेखन गावोगावच्या सभांत वाचून दाखवले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. ज्या शेतकऱ्याला अक्षरओळख नव्हती त्याच्यापर्यंत पुस्तक पोहोचले ते कानावाटे. आपण मात्र आजही वाचकांची मोजदाद खपलेल्या प्रतींवरून करतो. याच प्रसंगावर मी तासभर बोलू शकेन, परंतु अध्यक्षांनी आपले घड्याळ माझ्यासमोर ठेवले आहे.

तेव्हा कबूल केलेला विषय आता घाईने. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी याच पुण्यात झाला, आणि नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद पेटल्यावर प्रयोग बंद केले ते नाटक बसवणाऱ्या संस्थेनेच, बाहेर पडलेल्या कलावंतांना त्यासाठी थिएटर अकादमी काढावी लागली. २०२२चे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देते, हे मान्य. माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या आठवणींच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनानेच काही दिवसांत रद्द केला. तरीही माझी शंका त्यानंतरच्या काळाविषयी आहे: पुढल्या वर्षी असे पुस्तक समोर आले, तर परीक्षक ते बाजूला ठेवणार नाहीत कशावरून? तसे झाल्यास आदेश काढण्याची गरजच उरणार नाही.

अनुदानावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांतही हेच घडू शकते. जाळलेल्या पुस्तकाची बातमी होते, खरेदीच्या यादीतून वगळलेल्याची होत नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकजण ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर आहेत. नाकारलेल्या पुस्तकांची नावे आणि नकाराचे कारण इतिवृत्तात नोंदवावे, असा ठराव त्यांनी पुढच्या बैठकीत मांडून पाहावा, आणि त्याला अनुमोदक मिळतो का, हे मला कळवावे.