सिस्टरबाई

नमस्कार मंडळी.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मेळाव्यात आपण दरवर्षी रझाकारांच्या काळाच्या, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी ऐकतो. या वेळी कार्यकारिणीने मला माझ्या आईबद्दल बोलायला सांगितलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ती गेली तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांनी फोन केले, घरी डबे आणून दिले. सगळे म्हणाले, फार मायाळू होत्या. होतीच. पण तिच्या मायेबद्दल बोलायचं तर मला तिच्या नोकरीबद्दलच बोलावं लागेल. लोक या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, तसं तिच्या बाबतीत नव्हतं.

आईचा जन्म १९५० चा, म्हणजे निजामाचं राज्य जाऊन दोनच वर्षं झाली होती. एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिका आणि प्रसाविकेचं, शिक्षण घेऊन ती औसा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात रुजू झाली. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. चार-पाच गावं, काही वाड्या आणि एक तांडा एवढा तिचा मुलूख, आणि बराचसा पायी फिरायचा. लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गरोदर बायका हेच तिचे पहिले पेशंट.

एक गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, बाळांच्या धनुर्वाताची. तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची. नाळ कापायची ती विळ्याने नाहीतर जुन्या पात्याने, वर राख लावायची, कुठे कुठे शेणही. बाळ दोन-चार दिवस छान दूध प्यायचं. मग अचानक ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, अंग ताठ व्हायचं आणि आठ-दहा दिवसांत ते जायचं. लोक म्हणायचे, सटवाईनं नेलं. पाचवी पुजायची त्याच दिवसांत हा आजार दिसायचा, त्यामुळे ते पटायचंही.

आईने सटवाईविरुद्ध एक शब्द काढला नाही. पाचवीचं बोलावणं आलं की ती जायची, हळदकुंकू वाहायची आणि मग बाळाला मांडीवर घेऊन त्याची नाळ बघायची, ते दूध कसं ओढतंय ते बघायची. घरात आणखी कुणी सून, जाऊ, नणंद गरोदर असली तर तिला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊनच उठायची. "तुला टोचलं की पोटातल्या लेकराला बी लागू होतंय," एवढंच सांगायची. शास्त्रही तेच आहे. आईच्या रक्तातलं संरक्षण बाळाला मिळतं.

गावच्या सुईणीशीही तिने वैर धरलं नाही. तिला साबण दिला, नवं ब्लेड दिलं, उकळलेला दोरा दिला, नखं कापायला लावली. बाळंतपणानंतरची साडीचोळी आणि ज्वारी मात्र सुईणीकडेच राहू दिली. मला हे तिचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. मान आणि पोट दोन्ही शाबूत राहिले, म्हणून सुईण तिचं ऐकू लागली. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. मी फोनवर ती बातमी वाचून दाखवली, तेव्हा आईला आधी आठवली ती सुईण. "ती पाहिजे होती गं आज ऐकायला," म्हणाली.

आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीचा तिला फार त्रास झाला. टार्गेटचे कागद वरून यायचे. दवाखान्याच्या गाडीचा आवाज आला की माणसं उभ्या ज्वारीत जाऊन लपायची. जिथे चहा मिळायचा त्या घरांनी दारं लावून घेतली आणि मग मुलांना लस टोचायलाही कुणी पुढे येईना. तो विश्वास पुन्हा मिळवायला तिला कितीतरी वर्षं दारोदार जावं लागलं.

आणि लसीबद्दल तिच्याइतकं काटेकोर माणूस मी पाहिलं नाही. बर्फाच्या डब्यातली लस एसटीतून मांडीवर घेऊन यायची. ती तापायला नको आणि गोठायलाही नको, दोन ते आठ अंशांतच हवी. डीपीटी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस, गोठल्याची शंका आली तर बाटली हलवून उजेडात धरायची. साका चटकन तळाशी बसला तर ती बाटली बाद. बायका लेकरं घेऊन ताटकळत असल्या तरी बाद. "खराब लस टोचून पाठवण्यापेक्षा पुढच्या आठवड्याला बोलवीन," म्हणायची आणि खरंच घरोघरी जाऊन बोलवायची.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपाचं इथे बसलेल्या पुष्कळांना सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आई उजाडायच्या आत निघाली ती कित्येक दिवस घरी आली नाही. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा भावंडांना अंगणात ताडपत्रीखाली सांभाळलं. भाकरी थापायला ते आधीच शिकले होते, आईच्या नोकरीपायी.

जखमा धुणं, इंजेक्शनं, विहिरीत पावडर टाकणं, हे ती सांगायची. पण एक गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये बायका तिच्याजवळ येऊन हळूच विचारायच्या, "बाई, आप्रेशन उलटं करता येतंय का हो?" दोन लेकरांवर ऑपरेशन करून घ्या, असं तिनेच त्यांना समजावलं होतं, आणि ती लेकरं ढिगाऱ्याखाली गेली होती. तिने एकीलाही तोंड चुकवलं नाही. नळ्या पुन्हा जोडण्याचं ऑपरेशन असतं, ते दर वेळी यशस्वी होत नाही, हे तिने सरळ सांगितलं आणि ज्यांना जायचं होतं त्यांच्याबरोबर ती मोठ्या दवाखान्यापर्यंत गेली. त्यातल्या एकीला पुढे मुलगी झाली. त्या मुलीच्या लग्नात आई करवलीसारखी मिरवली.

माझ्या बाळंतपणाला ती इथे परदेशात आली ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि खारकेची पूड घेऊन. इथल्या नर्सने बाळ जन्मताच माझ्या छातीवर ठेवलं आणि लगेच पाजायला सांगितलं. आईचा चेहरा असा उजळला! पहिल्या दुधाचा चीक फेकून देऊ नका, हे सांगण्यात तिची निम्मी नोकरी गेली होती. त्या नर्सचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "थँक्यू, सिस्टर." मला वाटतं, त्या दिवशी तिने हा देश आपला मानला.

नातवंडांची ती अतिशय लाडकी. माझ्या मुलाने एकदा तिच्या दंडावरचा देवीच्या लशीचा व्रण बघून विचारलं, हे काय? तिने त्याला मांडीवर घेऊन सांगितलं की असा एक रोग होता, माणसं आंधळी व्हायची, मरायची. १९७५ नंतर आपल्या देशात तो कुणाला झाला नाही आणि आता जगात कुठेच नाही. तो म्हणाला, "आजी, तू घालवलास?" ती म्हणाली, "आम्ही पुष्कळ जणी होतो."

आज या सभागृहात रात्रपाळी संपवून थेट आलेल्या काही नर्स बसल्या आहेत. तुम्हाला मी आईच्या वतीने नमस्कार करते. आणि औसा, निलंगा, उमरगा भागातलं कुणी असेल, ज्यांच्या घरी अशी एखादी सिस्टरबाई येत असे, त्यांनी जेवणाच्या वेळी मला जरूर भेटा. ती कुठल्या गावची, काय करायची, सगळं सांगा. मी वही घेऊन आले आहे, लिहून घेईन.