आधी आजचा आकडा

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? फेब्रुवारी अर्धा होत आला. एक जानेवारीला ज्यांनी ज्यांनी ठरवलं होतं की यंदा वजन उतरवणार, यंदा पैसे साठवणार, यंदा पहाटे उठणार, त्यातल्या बऱ्याच जणांचं गाडं एव्हाना कुठेतरी अडकलं असणार आणि मनात एक टोचणी असणार की आपल्याच्यानं काही होत नाही. आज मला तुमच्याशीच बोलायचंय. मी साताऱ्यात राहते, घरीच ब्लाउज शिवते, पंचवीस वर्षं झाली मशीनवर बसून. पण ध्येय ठरवायचं म्हणजे नेमकी सुरुवात कुठून करायची हे मला गेल्या दीड वर्षात फार जवळून कळलंय, म्हणून म्हटलं सांगावं.

झालं असं की मागच्या वर्षाच्या आधीच्या पावसाळ्यात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी म्हणतात ती, तपासली, ती ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर उभ्या आहात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, चाला. एवढंच. किती चाला ते मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला माहितीच आहे, दहा हजार पावलं. सगळे तेच सांगतात, मोबाईल पण तेच दाखवतो. मग काय, सोमवारी पहाटे उठले, दीड पावणेदोन तास चालले, दहा हजार केले. मंगळवारी गुडघा ठणकायला लागला तरी केले. बुधवारी अर्ध्यातून परत आले, आणि गुरुवारी लग्नाचे सहा ब्लाउज द्यायचे होते त्यामुळे गेलेच नाही. तिथंच संपलं. नुसतं चालणं संपलं असतं तर एवढं वाटलं नसतं हो, पण स्वतःवरचा विश्वास पण जरा कमी झाला ना, ते जास्त लागलं.

माझी मुलगी पुण्याला असते, ती फोनवर म्हणाली, "आई, दहा हजारचं राहू दे, तू रोज आत्ता किती चालतेस ते माहितीय का तुला?" मला खरंच माहिती नव्हतं.

आता बघा, मी पंचवीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवतेय. बाई कापड घेऊन आली की आधी टेप काढते, छाती, कंबर, बाही, मुंढा सगळं वहीत लिहिते, नाहीतर मापाचा ब्लाउज मागून घेते. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावलेली नाही कधी. आणि स्वतःच्या बाबतीत मात्र कुणाच्या तरी मापाचं घेऊन घालायला निघाले होते, मग ते उसवणारच की.

आणि हे दहा हजार आले तरी कुठून माहितीय? १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच होतं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. कुठल्या डॉक्टरनं तपासून ठरवलेला आकडा नव्हता तो, विकायच्या वस्तूचं नाव होतं, गोल आकडा, तोंडात बसणारा. तो जगभर फिरत फिरत माझ्या गुडघ्यापर्यंत येऊन पोचला. चालणं चांगलंच आहे, त्याबद्दल वादच नाही, पण सुरुवातीचा आकडा आपला पाहिजे.

मग मी काय केलं, सात दिवस काहीच ठरवलं नाही, फक्त मोजलं. मशीनवर बसले की मोबाईल टेबलावर पडून राहतो, तर उरलेल्या खणाचा एक बटवा शिवला आणि मोबाईल त्यात घालून कमरेला बांधला, स्वयंपाकघरात पण, गच्चीवर कपडे वाळत घालताना पण. आणि रोज रात्री तो आकडा कुठे लिहिला सांगू? भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आपल्या सगळ्यांच्या घरी असतं तसं, जिथं दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच चौकोनात खाली पेन्सिलीनं. सगळ्यात कमी होता १,७५० आणि सगळ्यात जास्त ३,४८०, तो बाजाराचा दिवस होता. सरासरी निघाली २,३०० च्या आसपास. म्हणजे मी एका रात्रीत चौपटीपेक्षा जास्त करायला निघाले होते आणि होत नाही म्हणून स्वतःलाच बोल लावत होते!

त्या २,३०० वरून मी ठरवलं ३,०००. फक्त सातशे पावलं जास्त, सात आठ मिनिटांचं काम. आणि ती कधी, तर दुपारची जेवणं झाली, ताटं उचलली की चप्पल पायात घालायची, गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे तिथं जाऊन परत यायचं. हे ताटं उचलली की चप्पल, हे फार महत्त्वाचं आहे बरं का. "वेळ मिळेल तेव्हा चालेन" म्हटलं की ती वेळ कधीच मिळत नाही. रोज होणारं एक काम धरायचं आणि त्याच्या शेपटीला आपलं नवीन काम बांधायचं. पीटर गोल्विट्झर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावर बरीच वर्षं अभ्यास केलाय, की अमुक झालं की मी तमुक करेन असं आधी ठरवून ठेवलं की ते होण्याची शक्यता वाढते. आमच्याकडे तर ताटं रोजच उचलावी लागतात, त्यामुळे आठवण करून द्यायला कुणी लागत नाही.

आपल्याकडचंच एक मोठं उदाहरण सांगते. अविनाश साबळे माहिती असतील तुम्हाला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, सैन्यात गेले आणि तिथं धावायला लागले. त्यांची शर्यत ३,००० मीटरची स्टीपलचेस, त्यात २८ अडथळे आणि शिवाय ७ पाण्यावरच्या उड्या. २०१८ साली त्यांनी ८ मिनिटं २९.८० सेकंदांत ती पळून ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये किती, तर ८ मिनिटं २८.९४. एक सेकंद सुद्धा नाही हो, ८६ शतांश! मग ८:२५, मग ८:२१, ८:२०, ८:१८, असं करत करत २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ८:०९.९१. दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, आणि सहा वर्षांत मिळून कमी झाले ते जवळपास वीस सेकंद. ते आकडे मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलेत. एवढा मोठा खेळाडू, पण पहिल्या विक्रमानंतर दर वेळी मोडायचा तो स्वतःचाच मागचा आकडा, हे बघून मला फार धीर येतो.

माझा भाचा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतोय. खोलीच्या भिंतीवर चौदा तासांचं टाइमटेबल, रंगीत पेनांनी काढलेलं. दिवाळीत आला तेव्हा चेहरा पार उतरलेला, म्हणाला, "मावशी, माझं काही खरं नाही." मी म्हटलं, टाइमटेबल काढून ठेव आणि सात दिवस फक्त लिही, पुस्तक खरंच उघडं होतं तो वेळ. साडेचार तास निघाले. फोनवर गप्पच झाला पोरगा. मी म्हटलं अरे रडतोस कशाला, साडेचार तास म्हणजे काही थोडे नाहीत, आता पाच कर. आता सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसतो, चहा सुटीतच पितो आणि परवा सांगत होता की सहावर आलोय. निकालाचं काय व्हायचं ते होईल, पण आवाजात पहिल्यासारखी घाबरगुंडी नाही. पैशाचं पण तसंच करता येतं, साठवायचे किती ते नंतर ठरवा, आधी महिनाभर किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर जातात किती ते लिहा.

आणि एक, ब्लाउज शिवताना आम्ही शिलाईत आत माया सोडतो. बाई उद्या थोडी भरली तर उसवून वाढवता यावा म्हणून. तशी ध्येयात पण माया ठेवा. मी आठवड्याचे पाचच दिवस धरले, दोन दिवस माया. पाहुणे येतात, पाळी असते, लाइट गेलेली असते आणि काम साचतं, हे सगळं होणारच आहे. चुकला दिवस की मी त्या चौकोनात सरळ लिहिते, खाडा. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून आपण दूध बंद करतो का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली छापून आलेला अभ्यास आहे, ९६ जणांचा. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही. २५४ म्हणजे आठ महिने झाले! त्यामुळे शेजारणीचं महिन्यात जमलं आणि आपलं नाही म्हणून स्वतःला कमी लेखू नका, खरंच नका.

माझी साखर आता ५.९ आहे. अजून उंबरठ्यावरच आहे, पण थोडी मागे सरकलीय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या असंच चालू ठेवा. मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी मी अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर 'चार भिंती' नावाची जागा आहे तिथपर्यंत चढून गेले. साताऱ्यात जन्म गेला, पण लग्नानंतर वर गेलेच नव्हते कधी. वरून सगळं गाव दिसत होतं, आमच्या गल्लीतल्या देवळाचा कळस बराच वेळ शोधला आणि सापडला. दुपारी ताटं उचलून जिथवर जात होते ना, तोच कळस.

गेल्या आठवड्याची सरासरी ५,२०० आहे. सोमवारपासून साडेपाच हजार धरलेत. आज आमच्या दुधाचा खाडा आहे पण माझा नाही, इथून निघाले की स्टँडवर रिक्षा करायची नाही, घरापर्यंत चालतच जाणार आहे. येते मंडळी, नमस्कार.